टोपली गल्लीच्या खांबाला पाटी का नाही

मलेशियात इपोह नावाचं एक जुनं शहर आहे. आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लावायला जे कथील लागे, त्या कथलाच्या खाणींवर हे शहर वाढलं. खाणी संपल्या, शहर राहिलं, आणि शहराच्या पोटात चिनी दुकानदारांनी बांधलेल्या दुमजली घरांच्या काही गल्ल्या राहिल्या. खाली दुकान, दुकानांपुढे सलग पडवी, वर झडपांच्या खिडक्या. त्यातल्या एकीला लोक टोपली गल्ली म्हणतात. नकाशात हे नाव सापडत नाही, त्यामुळे शोधायच्या भानगडीत पडू नये.

उन्हं कलली की या गल्लीत खाण्याच्या गाड्या लागतात. पण गाडी लागली म्हणून पहिली बशी गिऱ्हाइकाला मिळेल, असं नाही. वरच्या एका खिडकीतून दोरीला बांधलेली वेताची टोपली खाली येते. त्या दिवशी ज्याची पाळी असेल तो गाडीवाला पहिली बशी तिच्यात ठेवतो. ठेवताना मान खाली घालतो, टोपलीत हात घालून बशी आहे ना ते चाचपून बघतो, आणि मग दोरीला दोन झटके देतो. टोपली वर जाते. कोण ओढतंय, ते तो बघत नाही.

टोपलीच्या बरोबर खाली पडवीचा एक खांब आहे. त्याला माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर चार भोकं आहेत, स्क्रूची. एखादी पाटी लावून काढून घेतली असावी तशी. खांबाला दर नव्या वर्षाआधी रंग लागतो, पण ती भोकं कोणी बुजवत नाही.

पाहुण्यांना फिरवणारे वाटाडे सांगतात की ही अन्नाला आदर दाखवायची पद्धत आहे. गल्लीच्या तोंडाशी कॉफीचं दुकान असलेले म्हातारे आ-सेंग अंकल हे ऐकलं की नाक मुरडतात. "आदर?" ते म्हणतात. "आदर असता तर मान वर असती." मग खरी गोष्ट ऐकायची असेल तर ते आधी फोन खाली ठेवायला लावतात आणि कॉफी प्यायला लावतात, आणि कॉफी अर्धी झाल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. गोष्ट काही राजा-राणीच्या काळातली नाही. पण एखाद्या गल्लीला फार लाज वाटली, की घडलेली गोष्टसुद्धा लवकर दंतकथा होते. 'घडलं' म्हणण्यापेक्षा 'घडलं म्हणे' हे जिभेला सोपं जातं.

तर असं सांगतात, की वैरवन नावाचा एक तमिळ माणूस रबराच्या मळ्यावर जन्मला, तिथेच वाढला, तिथेच त्याचं लग्न झालं. पुढे मळा विकला गेला. झाडं तोडून तिथे बंगले उठले, मजुरांच्या खोल्या पाडल्या, आणि वैरवन बायकोला, पोन्नम्माला, घेऊन शहरात आला. येताना त्याच्यापाशी आईचा लाकडी सोऱ्या होता आणि खांद्यावर एक कावड. तो पुट्टु मायम करी. म्हणजे तांदळाच्या पिठाच्या उकडलेल्या शेवया, वर ओलं खोबरं आणि तांबडी साखर. आपल्या कोकणातल्या शिरवाळ्यांची सख्खी बहीणच म्हणा.

पण गल्ली पडली चिनी. तिथे बदकं आणि नूडल्स खाणारी माणसं. हा खोबरं-साखरेचा पदार्थ घेऊन एक काळासावळा परका माणूस हाळी देत हिंडतोय, हे त्यांना नवल वाटे, भूक काही लागत नसे. वैरवन रोज यायचा, आणि अंगावर घाम नि कावडीत माल, दोन्ही घेऊन घरी जायचा.

अशाच एका दिवशी तो त्या खांबाला टेकून उभा असताना त्याच्या नाकासमोर एक टोपली येऊन थांबली. टोपलीत निळ्या काठाची इनॅमलची बशी आणि पैसे. त्यानं वर पाहिलं. खिडकीत एक चिनी बाई उभी होती. पांढरा सदरा, केसांचा घट्ट अंबाडा. ती मोडक्यातोडक्या बाजारी मलाय भाषेत ओरडली, "तंबी, खाल्लंस का?"

तंबी म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ; त्या देशात चिनी माणूसही तमिळाला तशी हाक मारतो. आणि 'खाल्लंस का' हे तिकडे आपल्या 'काय, बरं आहे ना' सारखं. विचारणारा उत्तरासाठी थांबत नाही. ही थांबली. वैरवननं नाही म्हणून मान हलवली, आणि का कोण जाणे, त्याचे डोळे भरून आले. शहरात आल्यापासून त्याला हे कोणी विचारलं नव्हतं.

बाईचं नाव युक लान. गल्ली तिला आ-पो म्हणे, म्हणजे आजी. ती त्या जुन्या दाया-मोलकरणींपैकी होती, ज्या तरुणपणी देवीपुढे केसांचा अंबाडा घालून शपथ घेत: लग्न करणार नाही, स्वतःच्या कष्टानं जगेन. पांढरा सदरा आणि काळी विजार हा त्या शपथेचाच पोशाख. चीनमधून बोटीनं येऊन तिनं जन्मभर परक्यांची मुलं वाढवली. गल्लीतले निम्मे दुकानदार तिच्या कडेवर बसून मोठे झालेले. त्या दिवशी तिनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून त्या सगळ्यांना फैलावर घेतलं. "अरे आ-सेंग! अरे आ-फूक! तुमच्या ढुंगणांना तांदळाचं पीठ लावून लावून माझे हात झिजले. आता तांदळाला घाबरता?" गल्ली हसली आणि लाजत लाजत खायला आली. त्या दिवशी वैरवन पहिल्यांदा मोकळी कावड घेऊन घरी गेला.

तेव्हापासून त्यांचं ठरूनच गेलं. टोपली खाली येई, वैरवन बशी भरून ठेवी, आणि दोरीला दोन झटके देई. दोन झटके म्हणजे 'भरली, वर घे'. अमावास्येला आणि पौर्णिमेला आ-पो शाकाहारी जेवायची, त्या दिवशी तिचं जेवणच हे असे. बशी दुसऱ्या दिवशी खाली येई ती घासूनपुसून, आणि रिकामी कधीच नाही. भांडं रिकामं परत करू नये, हे काही आपल्याच आजीला ठाऊक होतं असं नाही. कधी दोन मिरच्या, कधी फुटाणे, चिनी नव्या वर्षाला लाल कागदात गुंडाळलेलं संत्रं. पोन्नम्मा बाळंत झाली तेव्हा टोपलीतून आल्याचा जून गड्डा आणि तिळाचं तेल आलं, आणि वरून आरडाओरडा करून सूचना आल्या, की बाळंतिणीनं केस धुवायचे नाहीत. पोन्नम्मा हसून म्हणाली, "माझी आई हेच म्हणायची."

इतकी वर्षं गेली, पण वैरवन तिचा जिना कधी चढला नाही, आणि ती जिना उतरून त्याच्या कावडीपाशी कधी आली नाही. गरजच पडली नाही. जे काही होतं ते त्या दोरीवरून चालत होतं.

मग दिवस पालटले. जुन्या भाड्यांचा कायदा गेला, मालकांनी घरं विकली, माणसं पांगली. वरचे मजले रिकामे झाले, खाली रंगीत भिंतींची कॉफीघरं आली. ज्या गल्लीत राहायला कोणी तयार नव्हतं, ती बघायला माणसं येऊ लागली. त्यातल्या एकानं टोपली वर जातानाचा फोटो काढला, तो कुठे कुठे छापून आला, आणि वैरवनच्या गाडीपुढे रांग लागू लागली. त्याची कावड गेली, चाकांची गाडी आली, गाडीवर कनात आली. 'टोपलीतले पुट्टु' म्हणून तो नावारूपाला आला. पोन्नम्माच्या हातात सोन्याच्या बांगड्या आल्या. तिनं त्या घातल्या, खोटं कशाला बोला.

अडचण एकच होती. फोटोसाठी आलेल्यांना टोपली हवी होती, आणि टोपली आ-पोच्या पोटाच्या घड्याळावर चाले. लोक दोरीकडे डोळे लावून उभे, आणि ती झोपलेली. कधी दोनदा सोडी. हात थरथरू लागले होते. एकदा खोबरं एका बाईच्या टोपीवर सांडलं. टोपली तरी कसली, काळी पडलेली, तळाला निळ्या प्लॅस्टिकच्या सुतळीनं शिवलेली.

वैरवननं उपाय काढला. आ-पोच्या शेजारची रिकामी खोली त्यानं भाड्यानं घेतली. नवी टोपली आणली, लाल फीत लावलेली. शिवणाच्या दुकानात काम करणारी एक बाई ठरवली. तिला पांढरा सदरा नि काळी विजार घालायला लावली, तिचे केस वर बांधून अंबाडा घातला आणि तिला खिडकीत बसवलं. ती बोलावलं की टोपली सोडी आणि हसून हात हलवी.

रात्री ताट वाढताना पोन्नम्मा एवढंच म्हणाली, "तो तिच्या शपथेचा पोशाख आहे. आपण कोणाचं मंगळसूत्र भाड्यानं आणतो का?"

"लोकांना टोपली बघायचीय," वैरवन म्हणाला. "ती म्हातारी झाली. तिला कशाला दगदग?"

असं बोललं की स्वतःलाही खरं वाटू लागतं. सुरुवातीला तो गर्दी जमण्याआधी आ-पोची बशी भरी. मग गर्दी ओसरल्यावर भरू लागला. मग उरेल ते. मग एखादे दिवशी विसरे, आणि दुसऱ्या दिवशी दोन चमचे खोबरं जास्त घाली. गरज सरो, वैद्य मरो, असं तोंडानं कोणीच म्हणत नाही. ते असं चमच्याचमच्यानं होतं.

अशात गल्लीत बातमी आली, की गाड्या हटवून सगळ्यांना एका नव्या इमारतीच्या तळघरात नेणार. फक्त ज्यांचा पदार्थ जुना, मानाचा, त्यांच्या जागेवर पितळी पाटी लागणार, आणि पाटी असेल त्याला कोणी हलवणार नाही. जुन्या चवी जपणारी एक मंडळी त्यासाठी हिंडत होती. त्यांनी वैरवनला निवडलं. वैरवनच्या जिवात जीव आला. मळ्यावरून एकदा उठवलेला माणूस तो. पुन्हा कोणी 'ऊठ' म्हणणार नाही, एवढंच त्याला आयुष्यात हवं होतं.

पाटी लावायचा दिवस पौर्णिमेचा निघाला. हे त्याच्या ध्यानात नव्हतं.

सकाळीच खांबाला भोकं पाडून पाटी बसवली, तिच्यावर पिवळं रेशीम टाकलं. दुपारी मंडळी आली, कॅमेरे आले, अख्खी गल्ली पडवीत उभी राहिली. वैरवननं कपाळाला भस्म लावलं होतं, सदऱ्याला इस्त्री केली होती. त्यानं खूण केली, आणि शेजारच्या खिडकीतून लाल फितीची टोपली झोकात खाली येऊ लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि तिच्या बाजूनं, हेलकावे खात, थांबत थांबत, ती काळी टोपली आली. नेमकी कॅमेऱ्यांच्या मधोमध येऊन लोंबकळू लागली.

आलेल्यांपैकी एका बाईनं मान वर करून विचारलं, "ती कोण?"

वैरवनला काय झालं ते त्यालाही नंतर कधी सांगता आलं नाही. दोन खिडक्यांत दोन अंबाडे दिसत होते, खरा आणि भाड्याचा, आणि आता कोणीतरी पुढचा प्रश्न विचारणार, या धास्तीनं त्याची जीभ त्याच्या आधी बोलली. "कोणी नाही," तो हसून म्हणाला. "एक वेडी म्हातारी आहे. असंच काहीतरी सोडत असते."

गल्लीतल्या प्रत्येकानं ते ऐकलं. तिच्या कडेवर वाढलेले तिथे पाचपंचवीस होते. सगळे मूग गिळून गप्प राहिले.

वैरवननं ती टोपली धरली, आत न बघता बाजूला सारली, आणि दोरीला दोन झटके दिले.

भरली, वर घे. इतक्या वर्षांत त्या झटक्यांनी कधी खोटं सांगितलं नव्हतं. वर दोरी ताणली गेली. म्हातारीनं ओढायला सुरुवात केली. एक हात, दम खायला थांबणं, दुसरा हात. रिकाम्या टोपलीला एवढा वेळ लागत नाही, पण तिला ओझं हवं होतं म्हणून ती ओझ्यासारखीच ओढत होती, असं सांगतात. टोपली दिसेनाशी झाली तेव्हा वैरवननं कपाळ पुसलं. बोटांना भस्म लागलं.

पिवळ्या रेशमाला हात घालणार, तेवढ्यात वरून आवाज आला. कान गेलेली माणसं बोलतात तसा मोठा आवाज, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा.

"तंबी! संपलं का रे सगळं? तू खाल्लंस का?"

काळी टोपली पुन्हा खाली येऊ लागली. या वेळी ती खरंच जड होती, दोरी करकरत होती. ती वैरवनच्या नाकासमोर येऊन थांबली, पहिल्या दिवशी थांबली होती तशीच. टोपलीत एक वाडगा होता. देवीपुढे ठेवलेला भात, त्यावर खारवलेल्या पाल्याचा एक तुकडा. भातात चमचा खोचलेला होता, कारण तंबीला काड्यांनी खाता येत नाही हे तिला माहीत होतं. वाडग्याशेजारी निळ्या काठाची बशी, घासूनपुसून लख्ख, आणि बशीत लाल कागदात गुंडाळलेलं संत्रं. मघाशी टोपली खाली आली तेव्हाही ते तिथेच होतं. आज त्याचा मान होणार हे तिला कोणीतरी सांगितलं होतं, म्हणून तिनं ते ठेवलं होतं. त्यानं आत पाहिलं नव्हतं.

वरून दोरीला दोन झटके बसले. भरली, घे.

वैरवनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला पळता येईना आणि तिथे उभंही राहवेना. वर बघायचा त्याला धीर झाला नाही. मान जी खाली गेली ती गेली. शेजारच्या खिडकीतल्या शिवणवाल्या बाईनं मुकाट्यानं अंबाड्याच्या पिना काढल्या आणि केस सोडून ती आत निघून गेली.

मग वैरवननं वाडगा उचलला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो तिचा जिना चढला. म्हातारी दाराशीच बसली होती, ओढून ओढून दमलेली. खोलीत दुसरं काही शिजलेलं दिसत नव्हतं. तो तिच्या पायांशी बसून काही बोलायला गेला, तर ती म्हणाली, "आधी खा." तो म्हणाला, "आ-पो, मी—" ती म्हणाली, "भात गार होतोय." त्यानं तिच्यासमोर बसून तो भात खाल्ला. शितं सांडली नाहीत, पण डोळ्यांतलं पाणी सगळं वाडग्यात गेलं, म्हणे.

तिला खरोखर वाटलं होतं की त्याचं अन्न संपलं, की तिनं सगळं ऐकलं आणि ओळखलं होतं, यावर गल्लीत आजही दोन तट आहेत. वैरवननं तिला कधी विचारलं नाही. दोन्ही उत्तरांची त्याला सारखीच भीती वाटे.

खाली येऊन त्यानं स्क्रू काढायला लावले. मंडळी म्हणाली, विचार करा, जागा जाईल. तो म्हणाला, "ज्याच्या तोंडून तिच्यासाठी 'कोणी नाही' निघतं, त्याचं नाव खांबावर कशाला?" पाटी गेली आणि जागाही गेली. पोन्नम्मानं माळ्यावरची जुनी कावड काढून पुसली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली. उभं राहायला जागा नसेल त्याला कोणी उठवू शकत नाही, हिंडता येतंच. तो पुन्हा गल्ली हिंडू लागला, आणि पहिली बशी काळ्या टोपलीत जाऊ लागली. ठेवली की तो आत हात घालून चाचपी. स्वतःच्या हातांवर त्याचा विश्वास उरला नव्हता. मान खालीच. पुढे बाकीचे गाडीवालेही तळघरात कंटाळून एकेक करून परत आले, आणि कोणी न सांगता तसंच करू लागले. त्या दिवशी गप्प राहिलेली गल्लीच होती ती.

आ-पो पुढे शांतपणे गेली. तिला पोचवून आल्याच्या दुसऱ्या दिवशी, तिची खोली कुलूपबंद असताना, ठरल्या वेळी टोपली खाली आली, असं सांगतात. वारा असेल, सुतळी सैल झाली असेल. वैरवननं बशी ठेवली, चाचपली, दोन झटके दिले, आणि टोपली वर गेली म्हणे. वर कोण होतं ते कोणीच सांगू शकत नाही, कारण कोणी वर पाहिलं नाही.

आता आ-पोही नाही आणि वैरवनही नाही. वरच्या खोल्यांत दूरदेशाहून आलेली माणसं दाटीनं राहतात. कोणी नेपाळचे, कोणी ब्रह्मदेशचे. याच गल्लीतल्या कॉफीघरांत भांडी घासणारे, पदार्थांच्या फोटोत कधी न येणारे. पाहुण्यांपैकी कोणीतरी आ-सेंग अंकलना हमखास विचारतं, "मग आता टोपली वर ओढतं कोण?"

"आम्ही बघत नाही," ते म्हणतात. "बघितलं तर कोणीतरी विचारेल, ती कोण. आणि आम्ही काय उत्तर देऊ, याची आम्हाला अजून खात्री नाही."

आजही दुसऱ्या दिवशी बशी खाली येते ती घासूनपुसून, आणि तिच्यात काही ना काही असतं. कधी अर्धं लिंबू, कधी चिमूटभर तिखट. आणि आजही दोरीला दोन झटके देण्याआधी त्या गल्लीतला प्रत्येक जण मान खाली घालतो आणि टोपलीत हात घालून बघतो.